जुन्या कब कॅडेटचं हायड्रो मेलंय: उघडू की भंगारात देऊ?

बागवान_ओहायो

मंडळी नमस्कार. दोन वर्षांपूर्वी इथे ओहायोत गावाबाहेर घर घेतलं, मागे पावणेदोन एकर जागा आहे. शेजारच्या आजोबांच्या बार्नमागे मेपलच्या झाडाखाली एक ट्रॅक्टर अकरा वर्षं पडून होता, चाकं अर्धी मातीत आणि सीटमधे उंदरांचं घरटं. आजोबा म्हणाले, घेऊन जा, पण मोडू नकोस, चालव. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १६५०, सत्तरच्या दशकातला, १६ हॉर्सपॉवरचं कोलर इंजिन.

इंजिन सुरू झालं. कार्ब्युरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, नवीन प्लग, तिसऱ्या खटक्यात पकडलं. पण घोडं अडलंय ते हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनवर, म्हणजे हायड्रोवर. थंड असताना पुढे जातो, दहा मिनिटांत रडल्यासारखा आवाज सुरू होतो आणि मग जोरच संपतो, चढावर उभा राहतो. रिव्हर्स तर मुळीच नाही. लिव्हर हलवला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम हिसका. तेल बघितलं तर दुधाच्या चहासारखं.

मी सॉफ्टवेअरवाला, हाताने काम करायची आवड आहे पण पिस्टन पंप कधी उघडलेला नाही. उघडू का? की सुटे भाग काढून विकू आणि नवीन घेऊ? आजोबांना दिलेला शब्द आहे म्हणून जीव अडकलाय.

वाचनमात्र

वाचतोय. हायड्रोस्टॅटिक म्हणजे नेमकं काय ते कुणीतरी सोप्या शब्दांत सांगा म्हणजे आमच्यासारख्यांनाही मजा येईल.

चहाटळ_चिपळूण

रिव्हर्स जात नाही म्हणजे ट्रॅक्टर बाण्याचा आहे. माघार घेत नाही :)

मिक्सरवाला

वाचनमात्र, मी भोसरीत ट्रांझिट मिक्सरचे पंप-मोटर दुरुस्त करतो. रस्त्यावर काँक्रीटचा ड्रम फिरवत जाणारी गाडी बघितली असेल ना, तो ड्रम ह्याच तत्त्वावर फिरतो. इंजिनावर एक पंप, ड्रमजवळ एक मोटर, मधे तेलाच्या दोन लाइनी. गिअर नाही, क्लच नाही.

पंपात एक गोल ब्लॉक असतो, रिव्हॉल्व्हरच्या चक्रीसारखा, त्यात पिस्टन. पिस्टनच्या टोकांना पितळी बूट असतात, ते एका तिरक्या ताटलीवर सरकत फिरतात. ती ताटली म्हणजे स्वॅश प्लेट. ताटली सरळ उभी असेल तर ब्लॉक फिरतो पण पिस्टन मागेपुढे होत नाहीत, तेल हलत नाही, तो न्यूट्रल. थोडी कलली की थोडं तेल, जास्त कलली की जास्त तेल, उलट कलली की तेल उलटं फिरतं आणि गाडी मागे. इंजिन मात्र सगळा वेळ एकाच बाजूला, एकाच वेगाने फिरतंय.

आता तेल हे ह्या दोघांतच गोल फिरत असतं, पण थोडं थोडं फटींतून गळतंच, तेच तेल भागांना वंगणही देतं. ते गळलेलं भरून काढायला पुढे छोटा चार्ज पंप असतो. त्याला तेल कमी पडलं की सगळा खेळ बिघडतो. बागवान, तुमचा रडका आवाज ऐकला की माझं पहिलं लक्ष तिकडे जाईल. पंप तेल ओढतोय पण मिळत नाहीये, हवा ओढल्यासारखं होतंय.

आणि हात जोडून सांगतो, इतक्यात पंप उघडू नका. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पंपांची वाट वापरण्याने लागत नाही, कुणीतरी घाईत उघडल्याने लागते.

जुनाट_१४०

मिक्सरवाले दादा +१. माझ्याकडे पेनसिल्व्हेनियात जॉन डिअर १४० आहे, त्यांनी हायड्रोस्टॅटिकसकट १९६८ ला आणलेलं मॉडेल. कब कॅडेटने त्यांच्याआधी, १९६६ ला १२३ मॉडेलवर सनस्ट्रँड कंपनीचं हायड्रो बसवलं होतं. बागवान, तुमच्या १६५० मधेही सनस्ट्रँडच आहे. ट्रॅक्टर लुइव्हिल, केंटकीला बनलेला, ओतीव लोखंडाचा माल आहे, भंगारात देण्याचा विचार सुद्धा करू नका.

हिशेबी

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्याकडे असाच एक जुना होता, दोन उन्हाळे त्यात गेले. एक काम झालं की दुसरं निघायचं. शेवटी विकला आणि नवीन घेतला, शनिवारी एका तासात गवत कापून मोकळा. तुमच्या वेळेची किंमत धरा. शब्द पाळायचा तर आजोबांचं गवत नव्या मशीनने कापून द्या, ते जास्त खूश होतील.

टेकाडावरची

हिशेबी, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण नवीन साध्या मशीनमधलं हायड्रो बऱ्याचदा सीलबंद असतं, तेल बदलायला बूचसुद्धा धड नसतं. गेलं की पूर्ण बदला. हा जुना उघडता येतो, धुता येतो, परत लावता येतो. फरक तिथे आहे.

बागवान, मी विस्कॉन्सिनला असते. सासरे आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, घरात बसवेना. आम्ही दोघांनी मिळून कब कॅडेट १४५० उभा केला, तुमच्या १६५० चा धाकटा भाऊ. म्हणून हे सगळं हातांनी केलेलं सांगतेय.

रिव्हर्स अजिबात नाही पण पुढे जातो, ह्याचा अर्थ पंप मेला असा नाही. पंप मेला तर दोन्हीकडे मेला असता. एकाच बाजूला जोर नसेल तर चेक व्हॉल्व्ह बघायचे, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह. दोन पायांच्या मधलं पत्र्याचं झाकण काढा, हायड्रोच्या डोक्यावर दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी दिसतील, वर एक पट्टी. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर ढकलायचा असेल तर ती पट्टी दाबतात, त्याने दोन्ही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि चाकं मोकळी होतात. आता अकरा वर्षं पाऊस पडलाय, त्यातली एक दांडी गंजून दाबलेल्या जागीच चिकटली असेल तर त्या बाजूचं प्रेशर तयारच होणार नाही. आमचं अगदी हेच झालं होतं.

फक्त व्हॉल्व्ह काढायच्या आधी आजूबाजूची सगळी माती काढा. नुसती फुंकर नाही, ब्रश, डीग्रीजर, मग हवा, मग परत. सासऱ्यांनी माझ्याकडून तीनदा धुवून घेतलं. म्हणाले, सूनबाई, भोक उघडायच्या आधी त्यावर ठेवून जेवता आलं पाहिजे.

कानस_हातोडी

सासऱ्यांना दंडवत.

बागवान_ओहायो

ताई, खूप आभार. मीच तो ट्रॅक्टर पट्टी दाबून घरी ढकलत आणला! पट्टी दाबली आणि वर आली की नाही ते बघितलंच नाही. उद्या बघतो.

तेलाचं काय करू? दुकानदार म्हणाला ऑटोमॅटिक गाडीचं तेल टाका, चालतं.

जुनाट_१४०

अजिबात नको. हायड्रोला कुठलं तेल हे मॉडेलवर ठरतं. काहींना इंजिन ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिकचं, तुमच्याला हायट्रॅन, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ट्रान्समिशनचं तेल. तुमच्या ट्रॅक्टरमधे हायड्रो आणि मागचा डिफरन्शियल एकाच टाकीतलं तेल वापरतात, म्हणजे ते तेल पंपालाही चाललं पाहिजे आणि गिअरलाही. शिवाय हायट्रॅन थोडंफार पाणी आपल्यात धरून ठेवतं, तळाशी साचू देत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे, पाणी जास्त झालं की ते चहासारखं दिसायला लागतं, तुमच्याकडे झालंय तसं. सात क्वार्ट लागेल, म्हणजे साधारण ६.६ लिटर.

आणि नुसतं फिल्टर काढून तेल सोडू नका. मागचं मोठं झाकण काढा. खरी घाण तिथे बसलेली असते.

ऊसवाला_शिरोळ

धागा लय भारी चाललाय. आमच्याकडं ऊसतोडणी यंत्र भाड्यानं येतं त्यात पण सगळा हायड्रोलिकचाच कारभार. ड्रायव्हर सकाळी आधी तेल बघतो मगच चहा पितो. एक होज फुटली की दिवसभर फड उभा.

त्यावरून एक सांगतो. कुठं बारीक गळतंय असं वाटलं तर हात लावून बघू नका. प्रेशरमधलं तेल सुईगत कातडीत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायचं.

बाकी दादा, पावणेदोन एकरात लावता काय?

बागवान_ओहायो

दादा, हाताचं लक्षात ठेवतो. लावायचं म्हणजे अजून फक्त गवतच आहे. बायकोने कुंड्यांमधे मेथी, अळू लावलंय. ह्या ट्रॅक्टरने अर्धा एकर नांगरून वांगी, मिरच्या, भुईमूग करायचा बेत आहे. भुईमुगाला इथला उन्हाळा पुरतो का ते बघायचं.

टेकाडावरची

अळू कुंडीत?? वेगळा धागा काढा, पानं केवढी झाली ते ऐकायचंय.

बागवान_ओहायो

दोन आठवड्यांनी लिहितोय, ऑफिसमधे गडबड होती.

मागचं झाकण काढलं. आधी तो चहा आला, मग पाणी, चक्क वेगळं पाणी, साधारण वाटीभर. आणि तळाला दह्याच्या सायीसारखा पिवळट राखाडी थर, बोटभर जाड. प्लास्टिकच्या सुपळीने खरवडून काढला. मी चुंबक फिरवला, बारीक लोखंडी पावडर मिळाली पण तुकडा एकही नाही. पितळेची चमक शोधली, टॉर्च लावून तेल पांढऱ्या ताटात ओतून बघितलं. नाही दिसली. हे चांगलं ना?

चेक व्हॉल्व्ह: ताई, तुम्ही म्हणालात तेच. डावीकडची दांडी वर, उजवीकडची खालीच. बाजूला गंजाची कडी झाली होती. व्हॉल्व्ह बाहेर काढला, दोन दिवस तेलात बुडवून ठेवला, मग लाकडी दांडक्याने हळू ठोकत मोकळा केला. सुटला तेव्हा आतल्या स्प्रिंगने दांडी टक्कन वर आली, त्या आवाजाने मी गॅरेजमधे एकटाच ओरडलो. नवीन ओ रिंग घालून परत बसवला.

सात क्वार्ट हायट्रॅन भरलं. मागची चाकं उचलून सुरू केला. आणि रिव्हर्स आला!!

पण गरम झाल्यावर जोर जाणं तसंच आहे. रडणंही तसंच. हिसकाही.

मिक्सरवाला

अभिनंदन. पितळ नाही हे फार चांगलं लक्षण आहे, पितळ म्हणजे पिस्टनचे बूट नाहीतर ब्लॉकची घासणारी बाजू गेली.

गरम झाल्यावर जोर जातो त्याची दोन कारणं. एक, झीज झालीय, तेल गरम होऊन पातळ झालं की फटींतून जास्त पळतं. दोन, पंपाला तेल पुरत नाहीये. पण नुसती झीज असती तर सहसा रडत नाही, गपचूप थकतो. रडतोय म्हणजे ओढताना अडतंय. फिल्टर बदललात का?

बागवान_ओहायो

फिल्टर नवा दिसत होता, वरचा रंगही चकचकीत, म्हणून पुसून तोच लावला.

मिक्सरवाला

कुठला आहे? त्यावर काय लिहिलंय?

बागवान_ओहायो

आत्ता जाऊन बघितलं. गाडीच्या इंजिनचा ऑइल फिल्टर आहे.

जुनाट_१४०

सापडला चोर.

मिक्सरवाला

आटे जुळतात म्हणून लोक लावतात. इंजिनमधे फिल्टर पंपाच्या पुढे असतो, तिथे तेल दाबाने ढकललं जातं. तुमच्याकडे फिल्टर पंपाच्या आधी आहे, तेल ओढून घ्यावं लागतं. ओढणाऱ्याची ताकद किती असणार? गाडीचा बारीक कागद, त्यात आतला रबरी पडदा, त्यात तेलात पाणी. उसाचा रस बारीक नळीने प्यायला बसलात असं समजा. हायड्रोचा म्हणून मिळतो तोच फिल्टर लावा. आणि हे तेल पन्नास तास चालवून एकदा परत बदला, आत अडकलेलं पाणी अजून निघेल.

हिशेबी

मान्य, हे माझ्याही मशीनमधे कुणी बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. वाईट वाटतंय आता.

कानस_हातोडी

मी माझं सांगतो म्हणजे दुसरं कुणी तसं करणार नाही. मी दुसऱ्याच एका मशीनचं हायड्रो उघडलं होतं. व्हॉल्व्ह प्लेट, म्हणजे ब्लॉक जिच्यावर घासत फिरतो ती ताटली, छान होती, हलक्या रेषा होत्या फक्त. काचेवर दोन हजार नंबरचा पेपर तेलात ओला करून आठच्या आकड्यात फिरवली, आरशासारखी झाली. आणि मग सगळं पुसायला घेतलं कॉटन वेस्ट. सवयीने. त्याचे दोरे आत राहिले. पंधरा मिनिटं चाललं आणि मग ब्लॉकच्या तोंडावर नखाला लागेल असा चरा. पंप गेला. तेव्हापासून धागे न सुटणारं कापड, नाहीतर नुसती हवा. बागवान, तुमचा उघडावा लागला नाही ह्याचा मला खूप आनंद झालाय.

टेकाडावरची

आता हिसक्याकडे या. लिव्हरचा दांडा जिथे स्वॅश प्लेटच्या शाफ्टला भेटतो तिथे एक खाच असलेला हात असतो, ट्रनियन म्हणतात. त्या खाचेत पिन पुढेमागे आपटून खाच मोठी होते, शेंगेसारखी लांबट. मग लिव्हर आधी ती रिकामी जागा खातो आणि नंतर एकदम ताटली कलते. ह्याच खाचेमुळे ट्रॅक्टर न्यूट्रलमधे उभा राहत नाही, हळूहळू रांगतो. लहान मुलं अंगणात असतील तर हे आधी करा, बाकी नंतर.

आम्ही हायड्रो आणि मागचा भाग फ्रेमपासून सोडवून बाहेर घेतला, खाच वेल्डिंगने भरली आणि कानसने परत उघडली. खाली सील आहे म्हणून भोवती ओलं फडकं गुंडाळलं, दोन टाके मारले की थांबायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचे दोन. सासरे पिन हातात घेऊन बसले होते. मी चार वेळा कानस मारायची, ते पिन घालून बघायचे, मान हलवायचे, परत चार वेळा. अख्खी दुपार गेली. शेवटी पिन सरकली पण हलली नाही, तेव्हा म्हणाले, आता चहा.

मिक्सरवाला

ताई, आमच्याकडे कामाला येतील का ते?

टेकाडावरची

दादा, ते मागच्या वर्षी गेले. पण तुमचं हे वाचून त्यांना फार बरं वाटलं असतं.

मिक्सरवाला

माफ करा ताई. माहीत नव्हतं. त्यांची कानसेची पद्धत मी माझ्या पोरांना दाखवणार.

जुनाट_१४०

मागचा भाग सोडवताच आहात तर अजून एक बघून घ्या. १६५० चं इंजिन रबरी माउंटवर ठेवलेलं असतं, आवाज कमी व्हावा म्हणून. ते रबर इतक्या वर्षांत खचतं, इंजिन खाली बसतं आणि इंजिनापासून हायड्रोपर्यंत येणारा शाफ्ट वाकडा फिरायला लागतो. मग कपलिंगच्या पिना तुटतात, भोकं लांबट होतात. सगळं हायड्रो नवं केलं आणि माउंट तसेच ठेवले तर परत तिथेच येणार.

बागवान_ओहायो

मंडळी, जानेवारी संपत आला, बाहेर दोन फूट बर्फ आहे आणि मी गॅरेजमधे.

माउंट: चारपैकी दोन रबर हातात भाकरीसारखे तुटले. नवीन बसवले. कपलिंगची एक पिन अर्धी झिजली होती, नवीन घातली.

ट्रनियन: वेल्डिंग मला येत नाही. शेजारच्या आजोबांना येतं. ८१ वर्षांचे आहेत, हात थोडा थरथरतो, पण टाका मारताना थरथरत नाही. ताई, मी पिन घेऊन बसलो आणि कानस त्यांच्या हातात होती. तुमच्या सासऱ्यांची गोष्ट मी त्यांना इंग्रजीत सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण खाच पूर्ण झाल्यावर स्वतःच म्हणाले, चहा करतोस का. आल्याचा केला.

टेकाडावरची

डोळ्यांत पाणी आलं हो.

वाचनमात्र

ह्या धाग्यासाठी मी आयडी काढल्याचं सार्थक झालं.

बागवान_ओहायो

एप्रिल. शेवटचा अपडेट, बहुतेक.

हायड्रोचा खरा फिल्टर लावला. मागची दोन्ही चाकं उचलून खाली लाकडी ठोकळे, पुढच्या चाकांना अडसर, इंजिन हळू आणि लिव्हर थोडा पुढे थोडा मागे असं दहा-बारा वेळा, हवा निघेपर्यंत. तेल खाली गेलं, परत भरलं. मग न्यूट्रलला चाकं पूर्ण थांबेपर्यंत दांड्याची लांबी जुळवली. अर्ध्या आट्याने फरक पडतो!

काल पाऊण तास नांगर ओढला. रडणं नाही. गरम झाल्यावरही चढावर सरळ गेला, लिव्हर एक केसभर ढकलला की केसभरच पुढे. आजोबा कुंपणावर हात ठेवून बघत होते, मग आत येऊन बसले आणि स्वतः दोन तास चालवला. अर्धा एकर त्यांनीच नांगरला असं म्हणायला हरकत नाही.

एकच राहिलंय. हायड्रोच्या पुढच्या बाजूला जिथे शाफ्ट आत जातो तिथून दिवसाला चार-पाच थेंब पडतात. नवीन सील घातलं तरी. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली बारीक खोबण आहे, नखाला लागते. शाफ्ट बदलावा लागेल का?

मिक्सरवाला

आत्ताच नको. सील पूर्ण आत ठोकू नका, दीड-दोन मिलिमीटर अलीकडे ठेवा. त्याची कड खोबणीवर न बसता शाफ्टच्या कोऱ्या भागावर बसेल. बसवायच्या आधी कडेला तेलाचं बोट लावा, कोरडं घालू नका. आणि सरळ बसलंय ना ते चारी बाजूंनी मोजून बघा.

बागवान_ओहायो

शनिवारी करतो दादा. भुईमूग रविवारी.

ऊसवाला_शिरोळ

बियाणं शेंग फोडून लावा, पण दाण्याचं लाल साल निघू देऊ नका. आणि जमीन पुरती कोमट झाल्याशिवाय नको, एप्रिलात तुमच्याकडं गार असणार. थांबा अजून महिनाभर.